शेवट घाईत उरकलाय

वहिनींना परीक्षक केलं ते त्यांच्या एका वाईट सवयीमुळे.

ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक वाचून संपलं, की शेवटच्या पानावर 'समाप्त'च्या खाली जी कोरी जागा उरते, तिथे त्या पेन्सिलीने शेरा मारायच्या. 'बरी आहे.' 'नायिकेला वेळीच कुणीतरी झापायला हवं होतं.' 'एवढी पानं कशाला?' आणि सगळ्यांत जास्त वेळा, 'शेवट घाईत उरकलाय.' ग्रंथालयाच्या चिटणिसांनी त्यांना समज देऊन पाहिली, मग सगळ्यांसमोर खोडरबर भेट दिला. वहिनींनी खोडरबर ठेवून घेतला आणि शेरे चालू ठेवले. पुढे पुढे बाकीचे वाचक आधी शेवटचं पान उघडायचे, वहिनींचं मत बघायचे आणि मगच पुस्तक घरी न्यायचं की नाही ते ठरवायचे. चिटणिसांच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

म्हणून ग्रंथालयाच्या लघुकथा स्पर्धेचे तिसरे परीक्षक, जे मोठे प्राध्यापक होते, 'माझ्या सूनबाईंनीही कथा पाठवलीय, तेव्हा मी बसणं बरं नव्हे' म्हणून ऐन वेळी बाजूला झाले, तेव्हा चिटणीस कागदांचा गठ्ठा घेऊन थेट वहिनींच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, इतकी वर्षं चोरून शेरे मारलेत. आता राजरोस मारा."

"अहो, पण मी कुठली शिकलेली? मी लोकांचे कपडे उसवून बेतून देणारी बाई."

"बाकीचे दोघे चांगले शिकलेले आहेत. तेवढं पुरे. एक तरी वाचणारं माणूस हवं."

आता असं कुणी म्हटल्यावर माणूस काय करणार? वहिनींनी नाही-नाही म्हणत गठ्ठा हातात घेतला, आणि तो हातात आला तेव्हाच त्यांची मान जरा ताठ झाली.

स्पर्धेचे नियम कडक होते. कथा टाइप केलेली हवी. तिच्यावर नाव नाही, फक्त नंबर. नावं बंद पाकिटांत, आणि पाकिटं चिटणिसांच्या कपाटात. परीक्षक कोण हे कुणालाही कळता कामा नये. हे शेवटचं कलम चिटणिसांनी दारात उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, त्यामुळे समोरच्या काकू लगेच अभिनंदनाला आल्या.

"मी सांगते कसं करायचं," काकू बसता बसता म्हणाल्या. "पहिलं पान वाचायचं, शेवटचं पान वाचायचं. मधलं काय, लिहिणाऱ्यालाही आठवत नसतं."

वहिनींच्या नवऱ्याचा जन्म विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासण्यात गेला होता. त्यांची पद्धत वेगळी होती. "आधी नामंजूर करायला कारण शोधायचं. सापडलं नाही, तरच पुढे वाचायचं. घाई करायची नाही. कारण सापडतंच."

"अहो, ही कथा आहे. कुणाची गाडी आपटलेली नाहीये."

"तेच तर. पुरावा काहीच नसतो."

टेबलाशी चौथं माणूसही होतं. ते म्हणजे वन्सं, वहिनींची थोरली नणंद. त्या टेबलाच्या कडेला बसून मटार सोलत होत्या. आपलं घर मिटल्यावर 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून त्या भावाकडे आल्या होत्या, आणि ते थोडे दिवस मागच्या खोलीत इतकी वर्षं चालले होते. वहिनींचं आणि त्यांचं कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर ओळख तरी वाढली असती. 'चहा ठेवू?' 'ठेव.' 'दिवा घालवू?' 'घालव.' एवढ्यावर संसार छान चालला होता.

गुणपत्रिकेत पाच रकाने होते. विषय, मांडणी, भाषा, शेवट आणि इतर. वहिनींनी चिटणिसांना फोन केला. "इतर म्हणजे काय हो?"

"म्हणजे वरच्या चारांत जे बसत नाही, ते सगळं."

"उदाहरणार्थ?"

"वहिनी, दर वर्षी एक परीक्षक हे विचारतो. मी दर वर्षी फोन ठेवतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

कामाला सुरुवात झाली. गठ्ठा शिवणयंत्राच्या झाकणावर ठेवून वहिनी एकेक कथा घ्यायच्या आणि कपडा उलटा करून शिवण बघावी तशी ती उलटसुलट करून वाचायच्या. लोक काय काय लिहितात! एका कथेत सगळे मेले, सांगणारासुद्धा, आणि तरी कथा आणखी दोन पानं चालू राहिली. एका झाडाने आपलं मनोगत सांगितलं. ते इतकं शहाणं झाड होतं, की ते तोडणाऱ्याबद्दल वहिनींना सहानुभूती वाटली.

आणि नऊ नंबर! 'आकाशातली भेट'. ती वाचून वहिनींना राहवेना. गुप्ततेचं कलम क्षणभर बाजूला ठेवून त्यांनी ती संध्याकाळच्या चहाला सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. देखणा वैमानिक ऐन आकाशात बेशुद्ध पडतो. मग एक श्रीमंत मुलगी, जी विमान चालवायला पुस्तकावरून शिकलेली असते, ती सूत्रं हाती घेते आणि ते विमान एका रुग्णालयाच्या गच्चीवर उतरवते. तिथला शल्यविशारद निघतो तिचा हरवलेला बाप. हे कळल्यावर तीही बेशुद्ध पडते, आणि वैमानिक शुद्धीवर येतो, बहुधा पाळी बदलली म्हणून. वहिनी वैमानिकासाठी घोगरा आवाज काढत होत्या आणि बेशुद्ध पडायच्या जागी टेबलावर मान टाकत होत्या. काकूंना ठसका लागला. नवऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. वन्संसुद्धा हसल्या, पदर तोंडाला लावून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग "दूध बघून येते" म्हणून उठल्या. दूध कुणी तापत ठेवलेलं नव्हतं. पण हे वहिनींच्या ध्यानात आलं फार नंतर.

"एवढ्या योगायोगांचं वजन घेऊन विमान उडालंच कसं?" वहिनी म्हणाल्या, आणि हाच शेरा त्यांनी पेन्सिलीने कथेखाली लिहून टाकला.

मग सतरा नंबर आली.

तिला नाव होतं 'बॅग'. एक बाई भावाच्या घरी राहायला येते. आपण लवकरच जाणार, असं ती सगळ्यांना सांगते, स्वतःलाही. म्हणून बॅग उघडून कपडे कपाटात लावत नाही. रोज लागतील तेवढे काढते, धुऊन पुन्हा आत ठेवते. बॅग पलंगाखाली असते. तिच्यासाठी घरात एक टवका उडालेला कप आहे, आणि रोज चहा त्यातच येतो. भावजयीबद्दल तिची काही तक्रार नाही. 'ती वाईट नव्हती,' असं एक वाक्य होतं. 'ती मोजून चांगली होती.'

वहिनींनी तो कागद खाली ठेवला. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. फडताळात, बाकीच्या कपांपासून जरासा लांब, वन्संचा कप होता. त्याच्या काठाचा टवका उडालेला होता.

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. वन्सं गेले कित्येक दिवस दुपारी खोलीचं दार लावून बसायच्या. मध्ये एकदा त्यांनी 'टाइप करून देणारा तो कुठे बसतो गं?' असं विचारलं होतं, आणि वहिनींना वाटलं होतं, पेन्शनचं काही असेल. त्यांची बॅग पलंगाखाली नव्हती, कपाटावर होती. पण लिहिणारं माणूस एवढा बदल करणारच!

"मी मोजून चांगली?" वहिनी फडताळाला म्हणाल्या. "मी? ह्यांच्या आजारपणात सुद्धा तुमचा चहा कधी चुकवला नाही!" आणि हे म्हणताना आपण मोजतोय, हे त्यांना ऐकू आलं. 

त्या दिवशी त्यांनी टवका उडालेला कप कचऱ्यात टाकला आणि बाजारातून फुलांचा, सोनेरी काठाचा नवा आणला. दुसऱ्या दिवशी आपल्या कपाटातला एक खण रिकामा करून दिला. खिडकीजवळची खुर्ची वन्संच्या खोलीत हलवली. ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. शेवटी वन्संनीच त्यांना पॅसेजमध्ये गाठलं.

"अगं, एक विचारू? डॉक्टरांनी माझं काही सांगितलंय का तुम्हाला?"

"छे! असं काय विचारता?"

"नाही, गोड बोलतेयस म्हणून म्हटलं."

इकडे गुणपत्रिकेवर सतरा नंबरसमोरची ओळ कोरीच होती. कथा सगळ्यांत चांगली होती, यात वहिनींना तिळमात्र शंका नव्हती. तिचा शेवट तर असा, की तो वाचून त्यांनी पेन्सिल उचलली होती आणि लिहायला काहीच न सुचून परत ठेवली होती. पण पहिला नंबर दिला आणि पाकिटातून नणंदेचं नाव निघालं तर? लोक म्हणतील, घरच्या घरी वाटून घेतलं. काकू तर म्हणतीलच. निकाल लागायच्या आधीच म्हणतील.

प्राध्यापकांसारखं सरळ बाजूला होता आलं असतं. तसं का केलं नाही, याचं उत्तर वहिनींनी स्वतःला बरेच दिवस निरनिराळं दिलं. वन्संचं गुपित फुटलं असतं म्हणून. चिटणिसांना आता चौथा परीक्षक कुठून मिळणार म्हणून. खरं कारण एवढंच होतं, की त्यांना परीक्षक असणं आवडायला लागलं होतं. वाण्याकडे गेलं तरी त्या आता रांगेत जरा वेगळ्या उभ्या राहत होत्या.

मग त्यांनी मार्ग काढला. विषय, मांडणी, भाषा, यांना भरपूर गुण दिले. शेवटाला पैकीच्या पैकी. आणि 'इतर'मध्ये शून्य. वरच्या चारांत न बसणारं जे काही असतं, त्यात नणंदही बसते, असा हिशेब. आपण किती निःपक्षपाती आहोत या विचाराने त्यांना त्या दुपारी फार छान झोप लागली.

परीक्षकांची बैठक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत झाली, जिथे फाटकी पुस्तकं बांधणीची वाट बघत पडलेली असतात. पहिले परीक्षक एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने मोजल्या होत्या आणि दोन कथांवर 'पालकांची सही आणणे' असं सवयीने लिहून गेले होते. दुसरे एक वकील. त्यांनी सगळ्यांना जवळजवळ सारखेच गुण दिले होते.

"उद्या कुणी येऊन विचारलं, मला कमी का, तर?" वकील म्हणाले. "म्हणून कमी कुणालाच नाहीत."

"मग जास्त?"

"तेही नाहीत. जास्त दिले की उरलेल्यांना आपोआप कमी पडतात."

चिटणिसांनी बेरजा केल्या. मुख्याध्यापकांची आवडती कथा वहिनींच्या यादीत तळाला होती, वहिनींच्या आवडत्या कथेत मुख्याध्यापकांना अनुस्वार सापडत नव्हते. वकिलांची आवडती कुठलीच नव्हती. आणि या सगळ्यांतून, कुणालाच विशेष न आवडलेलं, पण कुणाला नाव ठेवायलाही न सुचलेलं ते झाड हळूहळू वर आलं आणि पहिलं आलं.

"झाड?" वहिनी म्हणाल्या.

"झाड," चिटणीस म्हणाले. "दर वर्षी असंच होतं. गेल्या वर्षी नदी आली होती." मग चष्म्यावरून वहिनींकडे बघत त्यांनी विचारलं, "सतरा नंबर थोडक्यात हुकलीय. तुमचं 'इतर' शून्य आहे. भरायचं राहिलं का? राहिलं असेल तर आत्ता भरा. मग तीच पहिली येईल."

खोलीत डिंकाचा वास भरून राहिला होता. पेन्सिल हातातच होती. एक आकडा लिहायचा होता.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "विचार करून दिलंय."

"शाबास!" मुख्याध्यापक म्हणाले. "परीक्षक असावा तर असा."

वहिनींना आयुष्यात खूप कमी वेळा शाबास म्हटलं गेलं होतं. नेमकं तेव्हाच म्हटलं गेलं.

पाकीट फोडल्यावर झाड हे प्राध्यापकांच्या सूनबाईंचं निघालं. म्हणजे प्राध्यापक निष्कारणच बाजूला झाले होते. परीक्षक असते तरी झाडाचं काही बिघडलं नसतं.

बक्षीस समारंभाला वहिनी आग्रह करून वन्संना घेऊन गेल्या आणि पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. मनात ठरवलं होतं, प्रमाणपत्र घेऊन आल्या की त्यांचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, मी ओळखलं होतं. चिटणीस भाग घेतलेल्या प्रत्येकाला नंबराने पुकारत होते.

"नऊ. 'आकाशातली भेट'."

वहिनींना आधी हसू आलं. मग शेजारची खुर्ची करकरली. वन्सं उठल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला, पायऱ्या जपून चढल्या, प्रमाणपत्र घेतलं आणि परत येऊन बसल्या. कागद गुंडाळून मांडीवर ठेवला. वहिनींच्या डोळ्यांसमोर टेबलावर टाकलेली आपली मान आली. घोगरा आवाज आला. कथेखालचा पेन्सिलीचा शेरा आला, आणि कथा शेऱ्यासकट लेखकाला परत मिळणार होत्या. हात हातात घेणं राहिलंच.

"सतरा. 'बॅग'."

अगदी मागच्या रांगेतून एक बाई आली. सरकारी दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर बसणारी ती बाई होती; वहिनींनी तिला जाळीतून कितीदा तरी पाहिलं होतं आणि जाळीशिवाय ओळखलं नसतं. वन्सं टाळ्या वाजवत होत्या. वहिनींचे हात मात्र मांडीवरून उठेनात.

चहाच्या वेळी तीच बाई वहिनींपाशी आली.

"पुस्तकांत शेरे लिहिता त्या तुम्हीच ना? मी आधी शेवटचं पान बघते. तुमचं 'बरी आहे' असलं, की डोळे मिटून नेते." मग कपाकडे बघत म्हणाली, "परीक्षक तुम्ही होतात असं कळलं. रागावू नका, पण एक विचारू? माझ्यात काय कमी पडलं? म्हणजे पुढच्या वेळी..."

खरं सांगायचं तर काय सांगायचं? की तुझ्यात काहीच कमी नव्हतं, तू मला माझी नणंद वाटलीस? वहिनींनी तोंड उघडलं, आणि आजवर पेन्सिलीने लिहून लिहून जे हाताला वळण पडलं होतं, तेच तोंडातून बाहेर आलं.

"शेवट. शेवट घाईत उरकलाय."

बाईने मान हलवली. "हो का? मला तोच जरा जमलाय असं वाटत होतं." मग हसून म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." तिने कप नीट बशीत ठेवला आणि ती गेली.

घरी आल्यावर वहिनींनी चहा ठेवला. साखर दोनदा घातली. वन्सं टेबलाशी बसल्या होत्या. कथेची परत आलेली प्रत त्यांच्यासमोर होती.

"वन्सं, त्या दिवशी मी... मला माहीत असतं तर..."

"माहीत असतं तर वाचलीच नसतीस." वन्संनी कागद सरळ केले. "मी गंभीर लिहिली होती गं. तो बेशुद्ध पडतो, तिथे लिहिताना मला रडू आलं होतं. मग तू वाचायला लागलीस आणि सगळे हसले. मीही पदराआड हसल्यासारखं केलं, पण वाटलं, जमीन दुभंगावी. दूध बघायला गेले तर दूधच नव्हतं. तिथे उभी राहून ऐकलं, आणि मलाही खरंच हसू यायला लागलं. या घरात मी बोलल्यावर कुणी हसलंय कधी?"

वहिनींनी फुलांचा कप त्यांच्यापुढे ठेवला. वन्संनी तो जरा लांब सारला.

"एक मागू का?"

"मागा ना, वन्सं. काहीही मागा."

"माझा कप परत दे. तो टवका मी इथे आले त्याच दिवशी माझ्या हातून उडाला. तू नवा देत होतीस, मीच म्हटलं, राहू दे. त्याला दुसरं कुणी हात लावत नसे. माझं म्हणावं असं या घरात तेवढंच होतं."

वहिनी खुर्ची ओढून समोर बसल्या. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती. कप गेला होता, पेन्सिल हातात असतानाची ती वेळ गेली होती, ती बाईही गेली होती. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. सतरा नंबर, बॅग, मोजून चांगली असलेली भावजय, खण, खुर्ची, सगळं. वन्संनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर मात्र त्या जरा पुढे झुकल्या.

"म्हणजे ती कथा मी लिहिलीय असं वाटलं तुला?"

"हो."

"सगळ्यांत चांगली होती ती?"

"हो."

"एवढी चांगली मी लिहीन, असं वाटलं तुला?" वन्संच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते वहिनींनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. ते त्यांना जेमतेम बघता आलं, कारण लगेच पुढचा प्रश्न आला. "मग नंबर का नाही दिलास?"

"तुम्ही लिहिली म्हणून."

वन्संनी आपली प्रत मिटून बाजूला ठेवली. "छान. म्हणजे मी विमान उडवलं काय नि बॅग भरली काय, मी पडणारच होते." मग म्हणाल्या, "आणि त्या बिचारीला काय सांगितलंस?"

"शेवट घाईत उरकलाय म्हणून."

"कसा होता शेवट? सांग बरं."

वहिनींनी सांगायला सुरुवात केली. आवाज घोगरा काढला नाही, तो आपोआप झाला.

"भावजय प्रवासाला निघते. ऐन वेळी तिच्या बॅगेची चेन तुटते. ती खोलीच्या दारात येऊन म्हणते, तुमची देता का चार दिवस? मग ती बाई पलंगाखालून बॅग ओढते आणि सगळे कपडे पलंगावर उपडे करते. इतकी वर्षं कुणीतरी मागायचीच वाट बघत असल्यासारखी. बॅग जाते. कपडे तसेच पडून असतात. मग ती उठते, भावजयीचं कपाट उघडते, कुणाला न विचारता एक खण मोकळा करते आणि आपल्या घड्या त्यात ठेवते."

"आणि?"

"बस. एवढंच."

चहावर साय धरली होती. वन्संनी फुलांचा कप हळूच पुढे ओढला आणि त्याच्या गुळगुळीत, कुठेही न तुटलेल्या काठावरून बोट फिरवलं.

"मग यात घाईत काय उरकलंय?"

"काही नाही, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "शेवटाला मी पैकीच्या पैकी दिले होते."